कात्रीचं मोल

"एवढ्यात तर येवल्याहून पैठणी येईल गं," असं म्हणून त्या काकूंनी कोट परत हँगरला अडकवला आणि पुढच्या स्टॉलकडे वळल्या. बोलण्यात तिरकसपणा नव्हता, घासाघीस करायचा इरादाही नव्हता. उलट काकूंना कापडातलं चांगलंच कळत होतं. कोटाची बाही त्यांनी दोन बोटांत धरून चोळली, लगेच उलटी करून मागची बाजू पाहिली, मागेही तीच सफाई दिसल्यावर "हातमागाचीच आहे" असं स्वतःशीच म्हणाल्या. त्यांच्या अंगावर नारळी काठाची मोरपंखी पैठणी होती, वर्षानुवर्षं जपलेली, घड्यांच्या खुणा थोड्या फिक्या झालेल्या. मग त्यांनी किमतीची चिठ्ठी वाचली. अठरा हजार. आणि ते वाक्य आलं. स्टॉलमागे उभी असलेली, तो कोट बेतणारी मुलगी नुसती हसली. हे तिनं याआधीही ऐकलं असणार. माझ्या मात्र ते डोक्यात अडकून बसलं, घरी आल्यावर भाजी निवडतानाही आठवत राहिलं, रात्री अंथरुणावर पडल्यावरही.

कारण ते खोटं नव्हतं.

डिसेंबरातली संध्याकाळ होती ती. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका लॉनवर शहरातल्या छोट्याशा फॅशन वीकची शेवटची रात्र. धरणाच्या बाजूनं येणारं वारं कनातीतून आत शिरत होतं आणि बिनबाह्यांच्या कपड्यांत चालणाऱ्या मुलींच्या दंडांवर उभा राहिलेला काटा पुढच्या रांगेतून स्पष्ट दिसत होता. इस्त्रीच्या वाफेचा, हेअर स्प्रेचा, ओल्या गवताचा आणि मागे कुठंतरी तळण चाललं होतं त्याचा, असा सगळा मिळून एक वास. मोठ्या बुटिकांचे घेरदार लेहंगे आधी होऊन गेले. जरदोसीनं जड झालेले घागरे, शोस्टॉपर म्हणून मालिकेतली अभिनेत्री, वर धरलेले मोबाइल. त्यानंतर निवेदिकेनं "आता आपले नवोदित डिझायनर" असं जाहीर केलं आणि खुर्च्या सरकू लागल्या. बऱ्याच जणांना वाटलं, झाला कार्यक्रम. पावलं जेवणाच्या रांगेकडे वळली. मी आले होते ती याच भागासाठी. जागा मोकळी झाल्यामुळे रॅम्प जिथं वळतो तिथली खुर्ची मिळाली. ही जागा उत्तम. समोरून कपडा सगळ्यांनाच दिसतो. वळताना त्याची पाठ दिसते, बगल दिसते, चालताना तो नेमका कुठं ओढला जातोय ते दिसतं. बेतणाऱ्याचा हात ओळखायचा असेल तर पाठीकडून पाहावं, हे मी लहानपणी शिकले आहे. कोणाकडून, ते पुढे सांगते.

सुरुवातीला मालेगावच्या एका मुलाचे कपडे आले. लुंगीच्या कापडाचे शर्ट, सैल पायजमे, गुडघ्याखाली जाणारा एक झगा. मुंबई-आग्रा रस्त्यानं मालेगाव ओलांडताना आतल्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतो. त्या मागांवरून दररोज किती कापड उतरतं आणि कुठंकुठं जातं, याचा विचार आपण करत नाही. स्वस्त कापड, घरात वापरायचं, विटलं की फडकं करायचं. त्या मुलानं हेच कापड उरेबात, म्हणजे तिरपं, कापलं होतं. चौकडी छातीवर येऊन शंकरपाळ्याच्या आकाराची झाली होती, पण खांद्यावर पुढची रेघ मागच्या रेघेला अशी मिळाली होती की जोड शोधावा लागत होता. ज्यांनी कधी चौकडीचा शर्ट शिवून घेतलाय त्यांना माहीत असेल, साधा शिंपीसुद्धा "चौकडी जुळवायची असेल तर कापड जास्त लागेल" असं आधीच बजावतो. इथं ती तिरपी जुळवलेली. एका शर्टाला छातीवर खिसा आहे, हे तो घालून चालणाऱ्या पोरानं त्यात हात घातला तेव्हाच कळलं. शेवटी तो मुलगा स्वतः बाहेर आला, अर्ध्यापर्यंत येऊन हात जोडले आणि जवळजवळ पळतच आत गेला. निवेदिकेनं त्याचं नाव घेतलं तेव्हा संगीत चालूच होतं. नाव नीट ऐकू आलं नाही.

त्याच्यानंतर तो पैठणीचा कोट आला. येवल्याजवळच्या गावातली मुलगी, आजोळी माग असलेली. पैठणीचे कोट, जाकिटं, पर्सेस आता जिथंतिथं दिसतात. बहुतेक वेळा ते सेमी पैठणीचे असतात, उलटून पाहिलं की मागे सुटे धागे लोंबताना दिसतात, म्हणून आत भक्कम अस्तर लावलेलं असतं. ह्या कोटाला अस्तरच नव्हतं. अस्सल हातमागाच्या पैठणीत नक्षी रंगीत धाग्यांच्या छोट्या छोट्या कांड्यांनी, एकेक धागा शेजारच्या धाग्यात अडकवत विणली जाते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. ही गोष्ट आपल्याकडे पैठणी पारखण्यासाठी वापरतात. तिनं ती कोट शिवण्यासाठी वापरली होती. कोट वाऱ्यानं उघडला की आतही तेच जांभळं-हिरवं धूपछाव कापड, आणि प्रत्येक शिलाईवर अरुंद रेशमी पट्टी मारून ती बंद केलेली. नारळी काठ उभा फिरवून बटणपट्टी केली होती. आणि खांद्याच्या खाली, दोन्हीकडे बरोबर एकाच उंचीवर, एकेक मुनिया, छोट्या पक्ष्याची नक्षी.

त्या मुनियांबद्दल तिला मी स्टॉलवर विचारलं. ती सांगू लागली तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा खुलला. तिच्या मामानं आधी साफ नकार दिला होता. पैठणीला कात्री लावायची? पदरातला एक मोर भरायला माणसाचे दिवसच्या दिवस जातात, साधी पैठणी मागावरून उतरायलाही आठवड्यांवर आठवडे लागतात, भरगच्च पदर असेल तर महिने, आणि ही पोरगी त्याचे तुकडे करणार. मामी म्हणाली, अशुभ असतं गं ते. तेव्हा हिनं मांजरपाटावर, साध्या स्वस्त सुती कापडावर, आधी कोट बेतून, शिवून, अंगावर घालून बघितला, तो उसवला आणि त्याचे सुटे भाग मागावर मामासमोर पसरले. इथं बाही येणार, इथं गळा, इथं काख. जिथं कात्री चालणार तिथं नुसतं साधं कापड विणा, बुट्टी नको. मुनिया इथं आणि इथं. मामा बराच वेळ त्या मांजरपाटाकडे बघत राहिला म्हणे. मग म्हणाला, काठ दोन बोटं अजून रुंद घेऊ, बटणपट्टीला पुरायचा नाही. "एकही मुनिया कापली गेली नाही," ती मला म्हणाली, आणि वर, "मामानं उरलेले तुकडेसुद्धा मोजून घेतले."

मला त्या क्षणी माझी मावशी आठवली.

मावशी दहीपुलाजवळच्या वाड्यात राहायची आणि ब्लाउज शिवायची. माडीवर खिडकीपाशी तिचं उषाचं मशीन. खाली सराफ बाजार, भांडी बाजाराकडून तांब्यापितळेवर पडणारे हातोड्यांचे ठोके, पावसाळ्यात गोदावरी चढली की दुकानदारांची माल वर चढवायची धावपळ. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे असायचे आणि दुपारभर तिच्या पायाशी बसून चिंध्यांचे रंग लावायचे. शिवताना मावशी बोलायची, रेडिओबरोबर गुणगुणायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. बेतताना मात्र ती गप्प. कापड जमिनीवर पसरून, गुडघे टेकून, आधी हाताच्या तळव्यानं उभा-आडवा धागा सरळ करायची. मग खडूची रेघ. मग पुन्हा टेप. कात्री हातात घेतली की वाड्यातल्या मुलांनासुद्धा कळायचं, आता मावशीला काही विचारायचं नाही. त्या कात्रीनं कागद कापायची कोणाची हिंमत नव्हती. पैठणीच्या सोबतचा ब्लाउजपीस आला की ती हात धुऊन, पुसून, पदर खोचून बसायची. काठ बाहीवर कसा येईल, पाठीवर नक्षीचा मध्य कुठं पडेल, हे ती कापड डोळ्यांसमोर धरून ठरवायची, आणि त्याला कधीकधी सगळी सकाळ लागायची.

आणि मग बायका ब्लाउज न्यायला यायच्या आणि शिलाईवरून घोळ घालायच्या. हजारोंची पैठणी घेतलेली, पण शिलाईचे दहा रुपये कमी कर. मावशी करायची. तिचं त्यावर कधी म्हणणंही नव्हतं. शिलाई म्हणजे सुई-दोरा आणि पाय मारायची मजुरी, ह्यापलीकडे त्या सकाळभर बघत बसण्याचे पैसे मागता येतात, हे तिच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही. मात्र लग्नकार्यात मांडवात बसली की माझ्या कानाशी लागून सांगायची, ती तिसऱ्या रांगेतली, पाठमोरी, तो माझा गळा. मागचा गळा बघ, सुरकुती नाही. त्या बाईला आपल्या ब्लाउजच्या शिवणारणीचं नाव आठवत असेल की नाही, कोण जाणे. मावशीला प्रत्येक पाठ आठवत होती. पाठीकडून बघायला मी तिथं शिकले.

काकूंच्या वाक्याचा विचार करताना वाटतं, हा त्यांचा एकटीचा हिशेब नाही, आपला सगळ्यांचाच आहे. साडी, धोतर, शेला, उपरणं, आपली सगळी प्रतिष्ठेची वस्त्रं न कापलेली. त्यांचं मोल रेशमात, जरीत, विणणाऱ्याच्या दिवसांत मोजायची आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे आणि ती चांगली सवय आहे. तिच्यामुळेच येवल्याचे माग अजून चालू आहेत. पण कात्रीपासून जे काम सुरू होतं त्याला आपल्याकडे भावच नाही. ते काम आपल्याकडे नव्हतं असंही नाही. खणाची चोळी बघा. एवढासा खण, त्यातून पाठ, बाह्या, पुढचे भाग असे निघतात की वाया जाणारं कापड चिमटीत मावेल, आणि पुढे गाठ मारली की ती वाढत्या-घटत्या अंगाला पुरते. बाराबंदी बघा, बारा बंद, एकही बटण नाही, आणि अंगात घातली की छातीवर दुहेरी कापड येतं. कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा बसून ह्या गोष्टी बेतल्या असतील. खणाचं गाव आपण सांगतो. चोळी कोणी बेतली हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगून ठेवलं नाही.

म्हणून मला फॅशन वीकबद्दल, त्यातल्या सगळ्या चकचकाटासकट, आस्था वाटते. आपल्या देशात 2000 साली दिल्लीत पहिला इंडिया फॅशन वीक झाला, पुढे मुंबईचा लॅक्मे फॅशन वीक वेगळा उभा राहिला, आणि तिथं जेननेक्स्ट नावानं नव्या मुलांसाठी एक राखीव मंच तयार झाला. निवडलेल्या नव्या डिझायनरांनी तिथं आपलं पहिलं काम मांडायचं. कानपूरजवळच्या एका खेड्यातून आलेला राहुल मिश्रा 2006 मध्ये केरळच्या हातमागाचं कापड घेऊन तिथं पहिल्यांदा उभा राहिला. 2014 मध्ये त्याला मिलानमध्ये लोकरीच्या कपड्यांसाठीचा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळाला, असा पुरस्कार मिळवणारा तो पहिला भारतीय, आणि 2020 मध्ये पॅरिसच्या हॉट कुटूर वीकमध्ये, म्हणजे मापावर हातानं शिवलेल्या उंची कपड्यांच्या आठवड्यात, त्याचे कपडे चालले. आपला नचिकेत बर्वे त्याच जेननेक्स्टमधून आला. विदिशाहून मुंबईला आलेल्या वैशाली शडांगुळेनं खण, चंदेरी, पैठणी ही हातमागाची कापडं धरून ठेवली आणि 2021 मध्ये पॅरिसच्या त्याच आठवड्यात ती पोचली. ह्या माणसांची नावं मला पाठ आहेत कारण ती घेतली गेली. रॅम्पच्या शेवटी बेतणारा माणूस बाहेर येतो आणि त्याचं नाव मोठ्यानं घेतात, ही रीतच मला त्या सगळ्या प्रकारातली सर्वांत मोलाची वाटते. म्हणून त्या रात्री गंगापूर रोडला संगीत कमी न करता नावं घेतली गेली ते मला फार लागलं. ती मुलं इतकी राबून त्या क्षणापर्यंत आलेली असतात. तेवढं एक नाव तरी नीट ऐकू यायला हवं.

नवोदितांत शेवटचे कपडे आले ते दिंडोरी तालुक्यातल्या एका मुलीचे. सुरुवातीला कळेचना काय आहे ते. नऊवारी-सहावारीवर घातलेले पूर्ण बाह्यांचे शर्ट. मग पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं, कारण कळलं. आपल्याकडे नाशिकच्या कुठल्याही रस्त्याला लागा, निफाडकडे, पिंपळगावकडे, वणीकडे, द्राक्षबागेत आणि कांद्याच्या वावरात काम करणाऱ्या बायका साडीवर पुरुषाचा जुना शर्ट घालतात. डोक्याला स्कार्फ, बाह्या मनगटापर्यंत बंद, वरचं बटणसुद्धा लावलेलं. ऊन, पानांची कूस, फवारणी ह्यांपासून तेवढाच आडोसा. आपण हे इतकं बघितलेलं आहे की आता दिसतच नाही. त्या मुलीला दिसत होतं, कारण तिची आई तशी जाते. नवऱ्याचा शर्ट आईला खांद्यात उतरतो, बाही हातावर येते, खाली निऱ्यांवर तो गोळा होतो, कमरेशी खोचला तर वाकताना सुटतो. मुलीनं तो शर्ट आईच्या अंगावर नव्यानं बेतला होता. खांदा तिचा. काखेत कळी घातलेली, हात वर वेलीच्या मांडवाकडे गेला की शर्ट वर ओढला जाऊ नये म्हणून. पुढून आखूड, निऱ्या मोकळ्या राहतील इतका. मागून लांब, वाकलं तरी पाठ उघडी पडणार नाही इतका. पदर आत घ्यायला डाव्या खांद्यावर एक फट. आणि उजव्या कुशीला अरुंद, खोल खिसा, घडांची विरळणी करायची कात्री ठेवायला.

हसणं लवकरच थांबलं. मॉडेल मुलीनं रॅम्पच्या टोकाला येऊन दोन्ही हात वर केले, वेलीकडे करतात तसे, आणि शर्ट जागचा हलला नाही. मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. माझ्या शेजारची एक तरुण मुलगी, बहुधा कॉलेजातली, अगदी हळू म्हणाली, "आमची आई." पुढे काही बोलली नाही. ती बेतणारी मुलगी शेवटी बाहेर आली तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या, आसपासचे बघायला लागले इतक्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॉल होते, तिथं पुन्हा गेले. उन्हात, संगीताशिवाय, हँगरला लटकलेला कपडा फार वेगळा दिसतो. रॅम्पवर त्याला काही सेकंद मिळतात आणि त्यात प्रकाश, चाल, केस, सगळं मदतीला असतं. स्टॉलवर तो एकटा. मी प्रत्येक कपडा उलटा करून पाहत होते. काही जणांनी निराश केलं. बाहेरून जरीकाम आणि आत काखेत ओढून बसवलेली शिलाई, ओव्हरलॉकचे धागे सुटलेले. मालेगावच्या मुलाचे शर्ट आतूनही तितकेच नेटके होते. तो म्हणाला, आमच्याकडे लोकांना कापडातली चूक मागावर असतानाच दिसते, मला घरी कोणी सोडणार नाही. ह्या मुलांशी बोलताना पैशाचं बोलणं निघतंच. बुटिकवाले माल ठेवून घेतात, विकला तर पैसे, तेही सवडीनं, आणि न विकलेला कपडा बऱ्याच हातांनी मळून परत येतो. कारागिराला मात्र शनिवारी पैसे लागतात. गिरणी थोडंसं कापड देत नाही, म्हणून ठोक बाजारातल्या कटपीसवर भागवायचं, आणि गिऱ्हाईक म्हणतं हाच रंग अजून एक द्या. एक कपडा विकायला यायच्या आधी मांजरपाटावर दोनदा-तीनदा शिवून उसवावा लागतो. ते मांजरपाट, ती शिलाई, ते उसवणं कोणाच्याच बिलात दिसत नाही. मावशीच्या त्या बेतण्यात गेलेल्या सकाळीसुद्धा अशाच कुठं दिसल्या नाहीत.

पण मग काकूंचं म्हणणं पुन्हा समोर येऊन उभं राहतं, आणि त्यात आणखी एक गोष्ट आहे जी मला टाळता येत नाही. पैठणी कोणालाही होते. आईची पैठणी माझ्याकडे आहे, उद्या लेकीकडे जाईल, ती बारीक असो की जाड. न कापलेल्या कापडाला माप नसतं. त्यामुळे ते वस्त्रही असतं आणि ठेवाही असतो. कोट एका अंगासाठी बेतलेला. ते अंग बदललं, की अठरा हजारांचं काय? काकूंनी हे शब्दांत मांडलं नसेल, पण हाताशी असलेला पैसा टिकेल अशा जागी ठेवायचा, हे आपल्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. हे बोलणं उडवून लावण्याची माझी तयारी नाही.

मी ते येवल्याच्या मुलीला सरळ विचारलं. तिनं उत्तर न देता कोट टेबलावर उलटा पसरला आणि कुशीवरची रेशमी पट्टी नखानं उचलून दाखवली. खाली दीड इंच माया होती, शिलाईच्या आत राखलेलं जादा कापड. दोन्ही कुशींना, दोन्ही बाह्यांना, आणि पाठीच्या मधल्या शिलाईतही. "आई म्हणाली होती, कापलंस तर कापलंस, पण कोणाला तरी देता येईल असं काप. ही पट्टी हातशिलाईची आहे ताई, मशीनची नाही. सहज उसवते. उसवून सैल करता येतो." मावशीच्या प्रत्येक ब्लाउजमध्ये अशीच माया असायची. लग्नातला ब्लाउज बाळंतपणानंतर घेऊन बाया यायच्या आणि मावशी तो मोकळा करून द्यायची. ह्या मुलीनं मावशीला कधी बघितलेलं नाही. मला तिथं एकदम भरून आलं आणि मी उगाच कोटाची घडी घालायला लागले.

अठरा हजारांचा कोट मला परवडणार नव्हता, म्हणजे ह्या महिन्यात नव्हता. तसं तिला सांगितलं आणि मामानं मोजून घेतलेल्या, काठाच्या त्याच उरलेल्या तुकड्यांची एक बटणपट्टीची पिशवी घेतली. काकू परत आल्या असत्या तर त्यांना ती माया दाखवायची होती. मला वाटतं, इतकी पारख असलेल्या बाईला ती लगेच कळली असती आणि हिशेब बदलला असता. निदान तिथं थांबून त्यांनी अजून चार प्रश्न तरी विचारले असते. ह्या मुलांना टाळ्यांपेक्षा अशी गिऱ्हाइकं हवी आहेत, जी बाही उलटून बघतात. नाशिकमध्ये ती आहेत. कापड चोळून बघणारे हात ह्या गावात घराघरात आहेत. त्यांना फक्त शिलाईपाशीही तितकाच वेळ थांबायचं आहे.

दिंडोरीच्या मुलीच्या स्टॉलवर शर्ट एकच उरला होता आणि तो नमुन्याचा, विकायचा नाही. ती आधी मुंबईतल्या एका मोठ्या शोला बॅकस्टेजला मॉडेल्सना कपडे घालायला मदत करायची. रात्रीच्या गाडीनं नाशिकरोडला उतरायची आणि सकाळी पुन्हा मशीनवर बसायची. शोला आई आली नव्हती का, असं विचारलं तर म्हणाली, विरळणी चालू आहे, बाई मिळत नाही, ती कशी येईल. पण पहिला शर्ट आईनं महिनाभर बागेत घातला होता, आणि त्यात खिसा आखूड पडला होता. वाकलं की कात्री खाली पडायची. दुसऱ्यात खिसा खोल केला, तर कात्री काढताना बोटं अडकायची. मग तोंड तिरपं कापलं. हे सांगताना ती स्वतःच्या कुशीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा ती हालचाल करून दाखवत होती. मी साडीवर बागेत जात नाही, मला असा शर्ट कशाला, असा प्रश्न तिला पडला असावा. पण विचारलं नाही तिनं. तिनं टेप काढला आणि माझे खांदे मोजले, मग हात वर करायला लावून पुन्हा मोजले. म्हणाली, सगळे हात खाली ठेवून माप घेतात, तिथंच चुकतं. किंमत तिनं सांगितली ती मी दिली, सगळी, आधीच. काजं आई रात्री करते, म्हणून द्राक्षांचा माल निघेपर्यंत काही व्हायचं नाही, मार्चनंतर घ्या, असं म्हणाली. चालेल म्हटलं. वहीत माप लिहून झाल्यावर तिनं मान वर करून विचारलं, "ताई, खिसा उजवीकडे ठेवू की डावीकडे? तुम्ही कात्री कुठल्या हातानं धरता?"